पासवर्ड बरोबरच होता

चावीवाला वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर ते सांगायची सोय राहणार नाही.

वय सत्तेचाळीस, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा गोड, की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्यासाठीच सकाळपासून बसून राहिलाय. ऑफिसच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागं, जिथं पूर्वी रद्दी टाकायचे त्या खोलीत मदतकक्ष होता. चार टेबलं, चार फोन आणि खिडकी एकही नाही. वर कंपनीचं मुख्य काम चालायचं, ते म्हणजे इस्पितळांचं टायपिंग. डॉक्टर रोगी तपासून झाला की काय आढळलं ते बोलून ठेवायचे, ते बोलणं कंपनीत यायचं, आणि टायपिस्ट कानाला हेडफोन लावून त्याचे कागद करायच्या. काहीजणी वरच्या हॉलमध्ये बसून, काहीजणी आपापल्या घरून. घरून करणाऱ्यांनी घरचा कॉम्प्युटर लावायचा, नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की समोर ऑफिसचा पडदा उघडायचा. दिसायला सगळं घरात, काम मात्र तळमजल्यावरच्या मोठ्या सर्व्हरवर.

आता हे दार उघडलं नाही, की रडारड खाली यायची. पासवर्ड पाच वेळा चुकला की खातं आपोआप बंद व्हायचं, आणि दिवसा ते खालूनच उघडून द्यावं लागायचं; रात्री बाराला तेवढं आपोआप उघडायचं. म्हणून हा चावीवाला. त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि तिथंच राहिलं होतं.

त्याचे तीन प्रश्न ठरलेले होते. कॅप्स लॉक चालू आहे का? भाषा इंग्रजीवर आहे का? पासवर्ड नुकताच बदललात का? शंभरातल्या नव्वद लोकांचं घोडं या तिन्हींतच कुठंतरी पेंड खायचं. उरलेल्या दहांचं खातं तो उघडून द्यायचा आणि गोड आवाजात सांगायचा, की आता शांतपणे टाका. फोन ठेवला की तक्रारीच्या खाली कारण लिहायचं असायचं. तिथं चौघंही एकच लिहायचे: वा. चू. म्हणजे वापरणाऱ्याची चूक. नाचता येईना अंगण वाकडं, असं कक्षातले साहेब म्हणायचे आणि सगळे हसायचे.

खरं म्हणजे कुठून चुकीचा पासवर्ड आला, कोणत्या मशीनवरून, किती वाजता, हे सगळं एका नोंदवहीत आपोआप उतरत असतं. कागदाची वही नव्हे, कॉम्प्युटरातली. पण ती बघायची तर दुसऱ्या सर्व्हरवर शिरा, शोध लावा, दहा-बारा मिनिटं घाला. आणि भिंतीवर तर तक्ता लावलेला, कोण एका तक्रारीला सरासरी किती वेळ घेतो त्याचा. एकोणीस महिने सगळ्यात कमी वेळ चावीवाल्याचा होता. त्याला त्याचा अभिमान होता. ज्या खोलीला खिडकी नाही, तिथं माणसाला अभिमानाला काहीतरी लागतंच की.

तर अशा या माणसाला मार्चच्या एका मंगळवारी सकाळी पावणेदहाला फोन आला. पलीकडं टायपिस्ट ताई होत्या.

ताई म्हणजे हॉलमधल्या सगळ्यात जुन्या. सव्वीस वर्षं नोकरी, वय सत्तावन्न. कुठल्याही डॉक्टरचा पुटपुटलेला शब्द लावायच्या. डिसेंबरपासून त्या घरून काम करत होत्या, कारण घरी अक्का होती. अक्का म्हणजे थोरली बहीण. दोघींपैकी कुणाचं लग्न झालं नव्हतं, एकीला दुसरी एवढंच गणगोत. अक्कानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचं डोकं रिकामं व्हायला लागलं. आधी घराची किल्ली विसरली, मग गॅस, मग स्वतःचं नाव. आता ती जेवायचीसुद्धा एकाच अटीवर. धाकटीनं समोर बसायचं, पहिला घास स्वतः खाऊन दाखवायचा, मग ती तोंड उघडायची. दुसरं कुणी भरवायला गेलं की ओठ घट्ट. म्हणून ताईंनी घरून काम मागून घेतलं होतं. घरून काम करायची परवानगी म्हणजे त्या घरात काय होती, हे वेगळं सांगायला नको. ती होती म्हणून अक्का घरात होती.

"भाऊ, खातं बंद झालंय म्हणतंय," ताई म्हणाल्या.

त्यानं तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "हो, कालच बदलला. नव्वद दिवस झाले ना."

"मग बोटांना जुन्याची सवय असते ताई. जुनाच पडतो." त्यानं खातं उघडून दिलं, कारण लिहिलं, पुढचा फोन घेतला.

त्याच दिवशी त्यांचे आणखी तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी चार. गंमत अशी, की त्या सकाळी नऊच्या आत नीट शिरायच्या, काम सुरू व्हायचं, मग अक्काला बाथरूमला न्यायला किंवा भरवायला उठायच्या. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा आपोआप बंद व्हायचा, तो कंपनीचा नियमच. परत येऊन पासवर्ड टाकला, की खातं बंद. जेव्हा जेव्हा उठायच्या, तेव्हा तेव्हा हेच.

"भाऊ, मी कागदावर लिहून समोर ठेवलाय. अक्षर अक्षर बघून टाकतेय."

"कागदावर लिहायचा नसतो ताई."

"मग काय करू? डोक्यावर भरवसा राहिला नाही."

"होतं असं वयानं," चावीवाला म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता. पण ज्या घरात अठ्ठावन्नाव्या वर्षी एक माणूस असं हरवलं, त्या घरात सत्तावन्न वर्षांच्या बाईला हे वाक्य सांगायचं नसतं. त्याला ते घर ठाऊक नव्हतं असंही नाही. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

शुक्रवारी त्यांनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. मी काय टाइप केलं ते तुम्हाला दिसतं का?"

"नाही ताई. किती वेळा चुकलं, तेवढंच दिसतं. आता पाच वेळा चुकलंय."

 पलीकडं मागून अक्काचे पाढे ऐकू येत होते. सतराचा चालला होता, पण मध्येच तिसावर जाऊन बसत होता.

"मी एकदाच टाकला," ताई म्हणाल्या.

"ताई, इथं पाच दिसतायत."

"मग चार वेळचं मला आठवत नाही."

इथं, बघा, इथं या माणसानं थांबायला हवं होतं. सव्वीस वर्षं जिचा एक शब्द चुकला नाही, ती बाई म्हणतेय एकदाच टाकला, आणि मशीन म्हणतंय पाच. कुणाही शहाण्यानं विचारलं असतं की उरलेले चार कुणी टाकले. पाणी कुठं मुरतंय हे बघायला दहा मिनिटं पुरली असती. त्याच्या मनात काहीतरी आलंसुद्धा, नाही असं नाही. पण बाजूचा फोन वाजत होता आणि तक्ता समोर होता. त्यानं खातं उघडून दिलं आणि वा. चू. लिहिलं.

पुढच्या आठवड्यात ताईंनी उठायचंच बंद केलं. उठलं की चुकतं ना, मग उठूच नये. अक्का ओल्या कपड्यांत तास तास बसून राहायला लागली. हॉलच्या प्रमुख बाईंना ताईंनी नंतर हे स्वतःच सांगितलं, अगदी हिशेब दिल्यासारखं. तरी अधूनमधून उठावं लागायचंच, आणि खातं बंद व्हायचंच. घरून काम करणाऱ्याचं खातं महिन्यात वीस वेळा खालून उघडावं लागलं, की परवानगी रद्द, असा नियम होता. पासवर्ड इकडंतिकडं वाटणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केलेला. दोन आठवड्यांत ताईंचे वीस भरले आणि पत्र निघालं. नव्वद दिवस हॉलमध्ये बसून एकही चूक न करता काम केलं, तर परवानगी पुन्हा मिळणार होती.

प्रमुख बाई त्यांच्यासाठी भांडायला तयार होत्या. ताईच नको म्हणाल्या. "पत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अक्काचं असंच सुरू झालं होतं. माझं मला कळतंय तोवर तिची सोय लावून टाकते. उद्या मलाच कोण बघणार?" आणि एका रविवारी त्यांनी अक्काला गावाबाहेरच्या संस्थेत नेऊन ठेवलं. एका खोलीत चार लोखंडी खाटा होत्या. खिडकीजवळची खाट त्यांनी मागून घेतली.

सोमवारी ताई हॉलमध्ये आल्या. त्यांची जुनी जागा आता दुसरीला मिळाली होती, नवं टेबल मिळालं. आणि तिथंही खातं बंद पडलं. सोमवारी दोनदा, मंगळवारी तीनदा. खालून दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलं. बुधवारी सकाळी दहाला पाच मिनिटं असताना फोन चावीवाल्याकडं गेला, आणि माणूस इमारतीतच आहे म्हटल्यावर तो खातं उघडून देऊन जिना चढून गेला. मनात हेच, की एकदा शेजारी उभं राहून शिकवून टाकू.

"टाका बरं माझ्यासमोर," तो म्हणाला.

ताईंनी चष्मा पुसला. कागद कीबोर्डच्या बाजूला सरळ करून ठेवला. मग एक एक अक्षर, ओठांनी पुटपुटत, दहा बोटांनी टाइप करणारी ती बाई एका बोटानं टाकत गेली. तो मागं उभा राहून बोट बघत होता आणि कागद बघत होता. मोठं अक्षर मोठं, आकडा आकडाच. काही चुकलं नाही. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, खातं बंद आहे.

"बघा," ताई म्हणाल्या. "परत चुकले."

 त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदाच टाकला होता आणि बरोबर टाकला होता.

"आलोच," म्हणून तो खाली गेला. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा त्यानं ती नोंदवही उघडली. ताईंच्या नावापुढं चुकलेल्या पासवर्डांची रांग लागली होती. रोज सकाळी नऊला पाच, साडेनऊला पाच, दहाला पाच, संध्याकाळी पाचपर्यंत दर अर्ध्या तासाला पाच. कुठलंही माणूस असं घड्याळ लावून चुकत नाही. आणि पुढं मशीनचा नंबर होता. त्या नंबराची चिकटपट्टी त्यानंच आपल्या हातानं चिकटवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मशीन तिसऱ्या मजल्यावर, त्या हॉलमध्येच होतं, प्रिंटरच्या मागं कोपऱ्यात ढकललेलं. ताईंचा जुना कॉम्प्युटर.

मग त्याला सगळं आठवलं. डिसेंबरात, ताईंचा हॉलमधला शेवटचा दिवस. जुन्या रेकॉर्डिंग्स एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायच्या होत्या, आणि हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. जुन्या सर्व्हरवरच्या त्या साठ्यात, ज्याला सगळे जुनं कपाट म्हणायचे, शिरायची मुभा सगळ्यात जुन्या टायपिस्टला, म्हणजे ताईंनाच होती. रीतीप्रमाणं करायचं तर मशीनसाठी वेगळं खातं काढा, अर्ज भरा, दोन सह्या आणा, आठ दिवस थांबा. त्यानं काय केलं? ताई निघता निघता म्हणाला, "ताई, जाताजाता एकदा पासवर्ड टाकून द्या इथं, एक काम लावून घेतो." त्यांनी पिशवी खांद्यावर घेऊनच टाकून दिला. त्यानं त्यांच्या नावानं काम लावलं, पासवर्ड त्यात साठवला, दर अर्ध्या तासाला चालायचं, नाही जमलं तर पाच वेळा प्रयत्न करायचा. महिन्याभरात रेकॉर्डिंग्स हलवून झाल्या. काम बंद करायचं तो विसरला. ज्या दिवशी ताईंनी पासवर्ड बदलला, त्या दिवसापासून ते डबडं त्यांचा जुना पासवर्ड घेऊन दर अर्ध्या तासाला दार ठोठावत होतं आणि त्यांना बाहेर काढत होतं.

दुसऱ्याच्या नावानं काम चालवणं म्हणजे त्या कंपनीत जागच्या जागी घरी. दरवर्षी प्रत्येकानं त्याखाली सही केलेली. चावीवाल्याचीही होती.

तो प्रिंटर बघायच्या निमित्तानं वर गेला. कोपऱ्यातल्या मशीनवर धूळ होती, आत पंखा मात्र व्यवस्थित फिरत होता. यादीत ते काम होतं, ताईंचं नाव लावून. त्यानं ते पुसून टाकलं. मशीन बंद केलं, वायर काढून गुंडाळली. मग ताईंच्या टेबलाशी येऊन फोनवरून खातं उघडायला लावलं आणि म्हणाला, "आता टाका ताई."

उघडलं.

"लक्ष देऊन टाकला की होतं," ताई म्हणाल्या. "घरी अर्धं लक्ष अक्काकडं असायचं ना."

 चावीवाल्यानं एवढं एक वाक्य बोलायचं होतं, की ताई, तुम्ही एकदाही चुकला नाहीत, जा, बहिणीला घरी आणा. प्रमुख बाईंनी दुपारच्या आत परवानगी परत दिली असती. तो म्हणाला, "हो. आता नाही चुकणार." खाली जाऊन त्यानं तक्रार बंद केली. कारणाच्या जागी दुसरं काही लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं. त्यानं वा. चू. लिहिलं.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. खाई त्याला खवखवे.

"उद्या सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम ते करा," बायको म्हणाली.

"नव्वद दिवसांनी परवानगी आपोआप मिळणारच आहे गं. आता खातं बंद पडायचं कारणच उरलं नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न."

"तीन महिने कुणाचे?"

"त्यांनाही बरंच आहे, थोडा आराम मिळेल जिवाला."

"अहो, नोकरी जाईल म्हणून घाबरताय, तर तसं म्हणा. त्यांच्या आरामाचं काय सांगताय मला?" ती उठून आत गेली. पुढं चार-पाच दिवस ती रोज विचारायची, सांगितलंत का. मग तिनं विचारायचं सोडून दिलं, आणि त्याला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

झाकली मूठ झाकलेलीच राहिली. पण आता हा माणूस ताईंशी इतकं चांगलं वागायला लागला, की विचारू नका. त्यांना नवा कीबोर्ड आणून दिला. खुर्ची डुगडुगत होती ती बदलून दिली. जिन्यात भेटल्या तर पिशवी हातातून घ्यायचा. ताई हॉलमध्ये सगळ्यांना सांगायच्या, चावीवाले भाऊ म्हणजे देवमाणूस, माझ्या एवढ्या चुका झाल्या पण एका शब्दानं बोलले नाहीत. हे त्याच्या कानावर आलं त्या दिवशी तो डबा न खाता घरी घेऊन गेला.

संस्थेत पहिला आठवडा, नवं माणूस रुळेपर्यंत, घरच्यांना संध्याकाळच्या जेवणालाही बसू देत, एरवी फक्त दुपारच्या. संध्याकाळचं जेवण पाचला असायचं. प्रमुख बाईंनी तो आठवडा ताईंना दीड तास लवकर सोडलं. ताई जायच्या, पहिला घास स्वतः खायच्या, मग अक्का खायची. आठवडा संपला तशी दोन्हीकडची सवलत संपली. आता ताई साडेपाचला सुटून सव्वासहाला पोहोचायच्या, तोवर ताट परत गेलेलं असायचं. ताट भरलेलंच परत जातं, हे तिथल्या बाईनं त्यांना सांगितलं. म्हणाली, भूक लागली की खातील, सगळे खातात.

"दुपारी जाता आलं असतं तर," ताई जिन्यात म्हणाल्या. पिशवी चावीवाल्याच्या हातात होती. "दुपारी बसू देतात. पण मी तर इथं."

उद्या सांगतो, असं त्यानं त्या दिवशी ठरवलं. अगदी नक्की. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलासुद्धा. आत कुणीतरी बसलं होतं, म्हणून परत फिरला. त्याच्या पुढच्या दिवशी कुणी बसलं नव्हतं, तेव्हा गेलाच नाही. आपल्याकडं भिजत घोंगडं म्हणतात, पण ते कधीतरी वाळतं तरी. हे कुजत होतं आणि त्याचा वास येत होता, फक्त या एकट्याला.

त्या बुधवारपासून तेविसाव्या दिवशी सकाळी संस्थेतून फोन आला. दोन दिवस सलाइन लावलं होतं, ताप भरला, पहाटे गेली. हॉलमधल्या बायका रडल्या. ताई तीन दिवस आल्या नाहीत.

चौथा दिवस रविवार होता. चावीवाला दुपारी त्यांच्या घरी गेला. बायकोनं काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, त्यावर चादरीचा तुकडा टाकलेला. टेबलासमोर एक हातांची खुर्ची, तिच्या दोन हातांना बांधायची पट्टी लोंबत होती. बसा म्हटल्यावर त्यानं दुसरी खुर्ची शोधली.

"भाऊ, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात," ताई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या.

"बसा ताई. आधी ऐका."

त्यानं सांगितलं. डिसेंबरपासून सुरुवात केली आणि काही वगळलं नाही. सर्व्हर, जुनं कपाट, अर्धा तास, पाच वेळा. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं किती थोडक्यात सांगून होतं. ताई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

"पासवर्ड मीच टाकून दिला होता तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पिशवी घेऊन उभी होते."

"हो."

"म्हणजे घरून मी बरोबर टाकत होते."

"पहिल्यापासून. एकदाही चुकला नाहीत ताई. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही."

त्यांचा चेहरा क्षणभर सुटला. जणू दीड महिना पाठीवर धरलेलं ओझं कुणी मागून उचललं. तो ते बघत होता, आणि त्या अभाग्याला वाटलं, आलो ते बरं झालं. शिव्या खायची तयारी होती, नोकरीवर पाणी सोडायची तयारी होती. उद्या साहेबांना लिहून देतो, असंही तो म्हणाला. पुढचा प्रश्न मात्र त्याच्या कुठल्याच तयारीत नव्हता.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आता तेवढंही त्याच्याकडून झालं नाही.

"तुम्ही हॉलमध्ये आलात ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी. बुधवारी सकाळी. तुम्ही माझ्यासमोर टाकलात तेव्हा."

ताई उठल्या. टेबलाच्या खणातून त्यांनी एक शाळेची वही काढली. स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नाही, तेव्हापासून त्या रोजचं सगळं तिच्यात लिहून ठेवत होत्या, गॅस बंद केला इथपासून. पानं उलटत त्या बुधवारवर आल्या, वही त्याच्यासमोर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. टायपिस्टचं अक्षर, एकही खाडाखोड नाही.

"वाचा," त्या म्हणाल्या.

त्यानं वाचलं. बुधवार, संध्याकाळी पाच. अक्कानं सगळं ताट संपवलं. मला नावानं ओळखलं. घरी कधी जायचं, असं दोनदा विचारलं.